जिवंत चित्रातली जादूगारीण: डीअँडडीसाठी खलनायिका कशी घडवायची

डीअँडडी, म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, हा फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ: खेळाडू एकेक पात्र होतात, त्यांचा चमू म्हणजे पार्टी, आणि डीएम (डन्जन मास्टर) गोष्ट सांगतो आणि खलनायक चालवतो. त्यात माझी चित्रातली पहिली खलनायिका पहिल्याच राउंडला, म्हणजे लढाईच्या पहिल्याच फेरीत, संपली. तीन आठवडे मी तिच्यावर घालवले होते. मॉन्स्टरच्या यादीतला ‘मेज’ (mage, जादूगार) उचलला, त्याचे सगळे स्पेल (मंत्र) तसेच ठेवले, भोवती सोनेरी चौकट बसवली आणि हवेलीच्या दालनात तिला टांगलं. पार्टी आत आली, इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम) काढला, आणि आमच्या गटात नुकत्याच आलेल्या खेळाडूने विचारलं, “चित्राचं तोंड भिंतीकडे फिरवता येईल का?” नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. स्ट्रेंग्थच्या चेकवर, म्हणजे ताकदीच्या फाशावर, १७ पडले. त्यानंतर तिला समोरची भिंत सोडून काही दिसेना, आणि तिच्या कित्येक स्पेलना तर लक्ष्य डोळ्यांसमोर लागत होतं.

दुसऱ्या खेपेला मी आधी चित्र ठरवलं आणि जादू त्यातून निघू दिली. ती खलनायिका पाच सेशन टिकली. ती कशी उभी केली, ते इथे क्रमाने सांगते. नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या पुस्तकांतले. पार्टी चार जणांची, पाचव्या लेव्हलची. तुम्ही २०२४ चे सुधारित नियम वापरत असाल तर प्रत्येक स्पेलचा मजकूर एकदा तपासून घ्या.

१. चित्र कशावर, कशाने आणि कुठवर काढलंय ते ठरवा

स्टॅट ब्लॉक (खलनायिकेच्या आकड्यांचा तक्ता) उघडण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा. चित्र कशावर आहे? रंग कोणते? काढलं कुणी? आणि त्यात काय अपुरं राहिलं?

पहिल्या उत्तरातून तिचा आर्मर क्लास (घाव लागायला फाशावर हवा असलेला आकडा) मिळतो. वस्तूंसाठी नियमपुस्तकात तयार आकडे आहेत: कापड आणि कागद ११, काच १३, लाकूड १५, दगड १७. भिंतीवर रंगवलेलं चित्र केलंत तर १७ मिळतात आणि ते कुणी उलटं करू शकत नाही, पण मग ती त्या एका खोलीत कायमची अडकते. मी सहा फुटी कॅनव्हास घेतला आणि जाड सागवानी चौकटीचे १५ धरले.

रंगांवर थोडा वेळ द्या, तिथे फार काही सापडतं. युरोपातल्या तैलचित्रांत विसाव्या शतकापर्यंत मुख्य पांढरा रंग शिशाचा सफेदा होता. चेहऱ्याच्या कांतीत तो असायचा, खालच्या अस्तरातही असायचा. आता ‘डिटेक्ट मॅजिक’ या जादू हुडकणाऱ्या स्पेलचं वर्णन वाचा: शिशाचा पातळ पत्राही त्या स्पेलला अडवतो. मी ठरवलं की बाईसाहेबांच्या, म्हणजे माझ्या या खलनायिकेच्या, चित्राला सफेद्याचं जाड अस्तर आहे आणि त्यामुळे डिटेक्ट मॅजिकला चित्र कोरं दिसतं. आमच्या विझार्डने (जादूगार पात्राने) दोनदा तपासलं, दोनदा काही मिळालं नाही. तिसऱ्या सेशनला चिताऱ्याच्या हिशेबवहीत सफेद्याची भलीमोठी खरेदी दिसली, तेव्हा विझार्डने पेन खाली ठेवलं आणि ती म्हणाली, “शिसं!” नियमाचा आधार असल्यामुळे हे कोडं कुणाला अन्यायाचं वाटलं नाही.

चौथी ओळ सगळ्यांत मोलाची. माझ्या चित्रात बाईसाहेबांचा डावा हात अपुरा आहे. मनगटाखाली फक्त कोळशाची रेघ. उजव्या हातात कांडी. हात पुरा होण्याआधीच चितारी मेला.

२. तिला काय हवंय?

उत्तर एका वाक्यात बसलं पाहिजे. बाईसाहेबांना डावा हात हवाय.

एवढ्यावर निम्मं कॅम्पेन उभं राहतं. ती चितारी शोधते, त्यांना हवेलीत बोलावून घेते, पैसे देववते. ज्यांना तो हात जमत नाही ते परत येत नाहीत. गावातून तीन रंगारी बेपत्ता झालेत, इथून पार्टीची गोष्ट सुरू झाली. पहिले दोन सेशन बाईसाहेब पार्टीशी प्रेमाने बोलतात, खरी माहिती देतात, चहा विचारतात. खलनायिकेशी आधी ओळख झालेली असली की नंतरची लढाई माणसांना लागते.

‘सगळं जग चित्रात ओढायचं’ असला हेतू देऊ नका. टेबलावर तो कुणाच्या हाताला लागत नाही. हात मात्र पार्टी देऊ शकते, नाकारू शकते, त्यावर घासाघीस करू शकते. आमच्या रोगला (rogue, चोरट्या पात्राला) चित्रकलेचं प्रावीण्य होतं. तो खरोखर ब्रश उचलायच्या बेतात आला होता.

३. डोळे, तोंड, हात: तिला काय जमत नाही ते लिहा

या पायरीला घाई करू नका. पहिल्या वेळी माझं चुकलं ते इथेच.

*डोळे.* चित्राला समोरचंच दिसतं. म्हणजे चादर टाकणं, पाठ फिरवणं, दिवे मालवणं, हे सगळं खेळाडू करणारच. ते चालू द्या, आणि तिला दुसरा डोळा द्या. माझा नियम असा: आपल्या पाळीला ती त्याच चिताऱ्याच्या हातच्या दुसऱ्या कुठल्याही चित्रात जाऊ शकते, ५०० फुटांच्या आत. हे अंतर ‘डायमेन्शन डोअर’ या क्षणात दुसरीकडे नेणाऱ्या स्पेलचं आहे, म्हणून लक्षात ठेवायला सोपं. हवेलीत अशी पाच चित्रं होती: शिकारीचा देखावा, वादळी समुद्र, फळांची परडी, दिवाणखान्यातलं मूळ चित्र आणि पाचवं एका लॉकेटमध्ये, अंगठ्याएवढं. ते लॉकेट पहिल्याच सेशनला बक्षीस म्हणून पार्टीला मिळालं होतं आणि आमची क्लेरिक (पुजारीण) ते गळ्यात घालून हिंडत होती. पार्टीचे सगळे बेत बाईसाहेबांच्या कानावर जात होते.

असलं काही करायचं असेल तर प्रामाणिकपणे करा. लॉकेट उघडं असताना जे बोललं गेलं तेवढंच तिला कळतं. मी वहीत तशी नोंद ठेवली आणि गुपित फुटल्यावर ती वही खेळाडूंना दाखवली.

*तोंड.* ‘सायलेन्स’ हा आवाज बंद करणारा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल, क्लेरिककडे बहुधा असतोच. तो पडला की उच्चार लागणारे सगळे स्पेल बंद. तिच्याकडे निदान एक तरी बिनउच्चाराचा स्पेल ठेवा.

*हात.* इथे अपुरा डावा हात कामाला येतो. हातवारे लागणाऱ्या स्पेलसाठी एक हात मोकळा हवा. स्पेलला साहित्यही लागत असेल तर कांडी धरलेल्याच हाताने हातवारे चालतात. पण हातवारे लागतात आणि साहित्य लागत नाही, अशा स्पेलला कांडीचा हात मोकळा धरत नाहीत. बाईसाहेबांचा एकच हात पुरा, त्यात कांडी, आणि रंगवलेली कांडी खाली ठेवता येत नाही. म्हणजे ‘शील्ड’ नाही, ‘काउंटरस्पेल’ नाही, ‘मिरर इमेज’ नाही, ‘फायर बोल्ट’ नाही. जादूगाराला वाचवणारे आणि लढवणारे नेमके हेच स्पेल तिच्याकडे नाहीत, आणि नेमके हेच तिला हवेत. कुणी तो हात रंगवून दिला तर त्या क्षणी ते चारही तिला मिळतात. खेळाडूंना हा हिशेब समजला की हाताची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

४. स्पेल थोडे ठेवा

नवीन डीएम वीस स्पेलची यादी घेऊन बसतो आणि लढाईत पानं उलटत राहतो. सात पुरतात. माझी यादी:

- डायमेन्शन डोअर (चित्रातून चित्रात, दर पाळीला)
- ब्लाइंडनेस, दिवसातून दोनदा
- सजेशन, दोनदा
- हिप्नॉटिक पॅटर्न, एकदा
- मेजर इमेज, दोनदा
- स्लो, एकदा
- मेंडिंग, हवं तेव्हा

पहिल्या दोघांना फक्त उच्चार लागतो. बाकीच्यांना साहित्य लागतं, म्हणजे कांडी चालते. हिप्नॉटिक पॅटर्नला उच्चारच नाही, तो सायलेन्समध्येही पडतो. आमच्या क्लेरिकने सायलेन्स टाकून सुस्कारा सोडला आणि पुढच्याच पाळीला समोरचे सगळे रंग फिरू लागले.

मेंडिंगला एक मिनिट लागतो, त्यामुळे तो लढाईत निरुपयोगी. पण पार्टी माघार घेऊन परत आली की कॅनव्हास सांधलेला दिसतो. या स्पेलने एक फुटापेक्षा मोठी फाट सांधता येत नाही. हे ज्याला आठवलं त्याने दुसऱ्या दिवशी तलवार वरून खालपर्यंत ओढली, आणि ती फाट शेवटपर्यंत तशीच राहिली.

५. आकडे

चॅलेंज रेटिंग (शत्रू किती कठीण त्याचा आकडा) ५ साठी नियमपुस्तकाचा तक्ता साधारण हे सांगतो: हिट पॉइंट (किती नुकसान सोसेल) १३१ ते १४५, सेव्हचा (जादूतून वाचायच्या फाशाचा) डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५, एका राउंडचं नुकसान ३३ ते ३८. त्याला धरून माझे आकडे:

- आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ७५ (१० डी१० + २०, म्हणजे दहा बाजूंचे दहा फासे अधिक २०)
- इंटेलिजन्स १८, स्पेल सेव्ह डीसी १५
- रंगाचा फटकारा: +७, पल्ला १५ फूट, नुकसान २ डी६ + ४. तिच्या पाळीला दोन, शिवाय दुसऱ्याच्या पाळीनंतर एक. सरासरी ३३.
- आगीचं नुकसान दुप्पट. जवसाच्या तेलात रंगवलेला कॅनव्हास आहे तो.

७५ हिट पॉइंट कमी वाटतील. यासाठी मी ‘रग ऑफ स्मदरिंग’ या गालिच्याची युक्ती उचलली. गालिच्याने कुणाला गुंडाळलं असेल तर त्याच्यावरच्या घावाचं निम्मं नुकसान आतल्या माणसाला होतं. बाईसाहेबांच्या चित्रात माणसं कैद आहेत. प्रत्येक घावाचं निम्मं नुकसान त्यांच्यापैकी एकाला जातं, आणि कुणाला ते बाईसाहेब ठरवतात. कैदी आत असेतो तिला संपवायला १५० चं नुकसान करावं लागतं. कैदी सोडवले की ७५.

साध्या गावकऱ्याचे हिट पॉइंट ४ असतात. एका फायरबॉलने काय होईल ते तुम्हीच बघा. म्हणून हा नियम खेळाडूंना आधी, छोट्या प्रसंगातून दाखवलाच पाहिजे. आमच्या रोगने कुतूहलापोटी कॅनव्हासच्या कोपऱ्याला चाकूचं टोक लावलं. मी सांगितलं: चित्रात मागे, कारंज्यापाशी एक माळी उभा आहे, त्याच्या बाहीवर लाल रंग पसरतोय. सगळे गप्प झाले. पुढे आगीचा विषय कुणी काढला नाही.

एक जादूगार चौघांपुढे फार काळ तग धरत नाही, कारण एक सेव्ह हुकली की ती गेली. लेजेंडरी रेझिस्टन्स (हुकलेली सेव्ह यशस्वी धरायची मुभा) द्या, पण तो डोळ्यांना दिसू द्या. मी त्याला वार्निशचे तीन थर केलं. ती हुकलेली सेव्ह यशस्वी करते तेव्हा एक थर तडकून पापुद्र्यांनी गळतो आणि खालचे रंग जास्त भडक दिसतात. किती उरलेत हे टेबलावर सर्वांना ठाऊक असतं. डीएमने मध्येच “नाही, तिची सेव्ह झाली” म्हटल्यावर जो हिरमोड होतो, तो इथे होत नाही.

पाळ्यांच्या क्रमात, इनिशिएटिव्ह २० या आकड्यावर दुसरी चित्रं जागी होतात. शिकारीतला कुत्रा चौकटीबाहेर झेपावतो, समुद्र जमिनीवर सांडतो. एका वेळी एकच.

६. माणूस चित्रात कसा जातो

एका सेव्हमध्ये कुणाला गिळू नका. खेळाडूला ते फार बोचतं. तीन पायऱ्या करा. चित्र ज्या क्रमाने रंगवतात तोच क्रम मी घेतला. तिच्या पाळीच्या शेवटी तिला दिसणाऱ्या एकाने डीसी १५ ची करिश्मा सेव्ह करायची.

पहिली हुकली: रेखाटन. कॅनव्हासवर कोळशाने त्याची आकृती उमटते. त्याची सावली नाहीशी होते. बाकी काही नाही.

दुसरी हुकली: रंग. आकृतीत रंग भरतो, खऱ्या माणसाचा उतरतो. त्याच्या हल्ल्यांना डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी असलेला धरायचा).

तिसरी हुकली: डोळे. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी हात बसलेला कारागीरच करतो, आणि ती झाली की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला तिसरी पायरी समजावावी लागत नाही. चित्रातल्या आकृतीला डोळे येतात आणि माणूस चित्रात डोळे उघडतो.

टेबलावर हे दिसायला हवं. मी एका जुन्या व्यक्तिचित्राची ए४ प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि तिच्यावर ट्रेसिंग पेपरचे चार तुकडे वरच्या कडेला टेपने लावले, एकेका खेळाडूचा एकेक. सेव्ह हुकली की त्याच्या कागदावर पेन्सिलने आकृती काढायची, मग रंगीत पेन्सिलने भरायची. शेवटच्या सेशनला मी आमच्या फायटरचा कागद चित्रावर खाली सोडला आणि काळं पेन उघडलं. तो खुर्चीतून उठून म्हणाला, “ताई, थांब. डोळे नको काढू.” त्याची सेव्ह अजून बाकी होती. १४ पडले.

आत गेलेल्याला काम द्या. मोबाइल बघत बसलेला खेळाडू म्हणजे फसलेलं सेशन. चित्रातला माणूस बाकीच्या कैद्यांशी बोलू शकतो, मागच्या बागेत हिंडू शकतो आणि, हे महत्त्वाचं, आपल्या पाळीला तिचा उजवा हात धरू शकतो. डीसी १५ ची अॅथलेटिक्स चेक जमली तर पुढच्या पाळीपर्यंत हातवाऱ्याचे सगळे स्पेल बंद. आत असलेली क्लेरिक हात धरतेय आणि बाहेरचे कैदी ओढून काढतायत, हा माझा सगळ्यांत आवडता राउंड.

७. तिला हरवायचं साधन आधीच ठेवून द्या

निदान दोन वाटा ठेवा. माझी एक वाट ‘डिस्पेल मॅजिक’, जादू उतरवणारा स्पेल. जिवंत चिलखत किंवा उडती तलवार यांसारख्या वस्तूंवर तो पडला आणि त्यांची सेव्ह हुकली, तर त्या मिनिटभर बेशुद्ध होतात. तो नियम खलनायिकेला लावू नका, लढाई तिथेच संपेल. त्याऐवजी डीसी १५ ची चेक जमली की चौकटीजवळचा एक कैदी बाहेर पडतो.

दुसरी वाट मला भाषेनेच दिली. पूर्वी पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि अक्षर झाकत. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. चिताऱ्याच्या माळ्यावर मी हरताळाची बरणी ठेवली, शेजारी चुका झाकलेली पोथी. अर्थ पार्टीने स्वतः लावला: चित्रातलं जे झाकू ते तिच्याकडून जातं. बरणीत तीन वेळा पुरेल एवढाच लेप. कांडी झाकायची, तोंड झाकायचं की तो अपुरा हात? यावर अर्धा तास वाद झाला. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग, म्हणून उघड्या हाताने लावणाऱ्याला कॉन्स्टिट्यूशन (तब्येतीची) सेव्ह. शिवाय शिशाच्या रंगांशेजारी हरताळ लावणं जुने चितारी टाळत, रंग काळवंडतात म्हणून. लेप लागताच बाईसाहेबांची कांती मनगटापासून काळी पडत गेली, हे वर्णन मी तिथूनच घेतलं.

८. तयारीचं सामान

- सात फाश्यांचा संच, शक्यतो दोन डी२०
- एसआरडी ५.१: नियमांचा हा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. गालिचा, चिलखत, मेज आणि वरचे सगळे स्पेल त्यात आहेत. वस्तूंचा तक्ताही आहे.
- चित्राची प्रिंट. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने प्रताधिकारमुक्त चित्रांची छायाचित्रं २०१७ पासून मोफत वापराला खुली केली आहेत. हात स्पष्ट दिसणारं चित्र निवडा आणि एक हात पांढऱ्या रंगाने झाका.
- ट्रेसिंग पेपर, टेप, कोळसा किंवा मऊ पेन्सिल, रंगीत पेन्सिली, एक काळं पेन
- पाच चित्रांची पाच कार्डं. बाईसाहेब आत्ता कुठे आहेत ते पडद्याआड मांडायला.
- कैद्यांची नावं आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ. “माळी” मेला तर कुणाला काही वाटत नाही. “मुलीच्या लग्नासाठी हवेलीत कामाला आलेला माळी” मेला तर वाटतं.

९. लढाईनंतर

हिट पॉइंट शून्य झाल्यावर कॅनव्हासचं काय होतं ते आधी लिहून ठेवा, खेळाडू लगेच विचारतात. माझ्या चित्रात रंग ओघळून खाली आले आणि कॅनव्हासवर फक्त कोळशाची रेघ राहिली, डाव्या हाताची. सुटलेल्या कैद्यांना आपली सावली परत यायला एक दिवस लागला. लॉकेट तेवढं शिल्लक होतं. ते कुठे आहे हे मी कुणाला विचारलं नाही, आणि क्लेरिकने ते अजून फेकलेलं नाही. तुम्हीही असं एखादं छोटं चित्र मोजदादीतून सुटू द्या.

ट्रेसिंग पेपर मात्र त्या रात्रीच सोडवून ज्याचा त्याला देऊन टाका.